चिमटाबाईची वाकळ

घाटात गाड्या तुंबल्या की चिमटाबाईचा दिवस सुरू व्हायचा. चालत्या गाडीतून कुणी वेफर्सची पिशवी भिरकावली की ती चिमट्यानं उचलायची, झपाझपा चालत त्या गाडीला गाठायची, काचेवर टकटक करायची आणि पिशवी आत द्यायची. "आवं, तुमचं पडलं." आतल्या माणसाला आधी वाटायचं, गोरी मॅडम रस्ता विचारतेय. मग ते असलं मराठी ऐकून तो आ वासायचा आणि पिशवी मुकाट्यानं हातात घ्यायचा. बाईच्या चेहऱ्यावर रागबिग काही नसायचा. एखाद्याचं पाकीट पडलं तर आपण जसं उचलून देऊ, तसं ती द्यायची. एकानं थँक्यू म्हणून पिशवी घेतली आणि पुढच्या वळणावर परत टाकली. बाई परत त्याच्या मागं गेली. "आवं, परत पडलं." त्या गाडीतल्या म्हातारीनं आपल्या मुलाच्या पाठीत असा धपाटा घातला की तो माझ्या दुकानापर्यंत ऐकू आला.

माझं दुकान त्या वळणावरच आहे. पाचगणीच्या पलीकडं, पठाराच्या कडेला आमचं गाव. मी शिवणकाम करते. शाळांचे गणवेश, बायकांची झंपरं, आणि काम कमी असलं की वाकळा. पुण्याकडचे लोक गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ म्हणतो. मशीनवर बसल्या बसल्या मला सगळा रस्ता दिसतो, त्यामुळं चिमटाबाईचे हे सगळे पराक्रम मी डोळ्यांनी बघितलेले आहेत. हे मी हसत सांगतेय खरी, पण मला तिचा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. माणूस वाईट असता तर एव्हाना विसरूनही गेले असते.

तिचं खरं नाव इंगेबोर्ग. ते गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. देश डेन्मार्क. तो कुठं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यामुळं कुणाचं काही अडलंही नाही. पाचगणीच्या एका शाळेत शिकवायला म्हणून आली होती. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक आपापल्या देशी गेले, ही राहिली. नवरा नाही, पोरंबाळं नाहीत. आमच्या गावच्या टोकाला बापूंच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, दारात स्ट्रॉबेरीचे दोन वाफे केले आणि वाईच्या लोहाराकडून कमरेएवढा चिमटा करून आणला. बायकांनी तो चिमटा बघितला आणि विचारलं, "बाई, एवढी मोठी भाकरी कुणासाठनं?" त्या दिवसापासून ती चिमटाबाई. तोंडावर आम्ही तिला बाई म्हणायचो आणि अहो-जाहो करायचो. माघारी ती आमची 'ती' होती.

मराठी तिला शाळेनं शिकवलं नव्हतं. ती स्ट्रॉबेरी तोडायला येणाऱ्या बायकांकडून आणि बाजारातल्या भाजीवाल्यांकडून शिकली. म्हणून ती शुद्ध गावरान बोलायची. बँकेच्या साहेबालाही "आवं सायेब, कवा आलासा?" म्हणायची. आमचे हे तिला एकदा म्हणाले, "बाई, जरा पुस्तकातलं बी शिका." ती म्हणाली, "पुस्तकातलं शिकले तर तुमी माझ्याशी भांडणार न्हाई. मंग मला करमायचं न्हाई." तिला भांडण आवडायचं. स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की शेतकरी वाफ्यांवर अंथरलेला काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर ओढून बांधावर फेकतात. त्यावरून ती एकेका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन भांडायची, आणि भांडण झालं की त्याच्याच घरी चहा पिऊन यायची.

रविवारची सफाई तिनंच सुरू केली. पहिल्या रविवारी दोघंच होते, ती आणि पाचगणीच्या शाळेत पियानो शिकवणारे जपानी सर. सर फार बोलायचे नाहीत. त्यांचं मराठी म्हणजे "हो हो" आणि "चला". पण बाटल्यांची टोपणं वेगळी, बाटल्या वेगळ्या, असं काम ते इतकं मन लावून करायचे की बघणाऱ्याला लाज वाटावी. दोन परदेशी माणसं आपल्या घाटातली घाण काढतात आणि आपण मशीनवर बसून बघतो, हे मला दोन रविवार जमलं. तिसऱ्या रविवारी मी दुकानाला कुलूप लावून उतरले. माझ्या मागनं आमचे हे आले. हे फौजेतून रिटायर. म्हणाले, "आयुष्यभर फॉलिन केलं, आता रविवारचा पण फॉलिन." पण त्यांनीच मग सगळ्यांना रांगेत उभं करून वळणं वाटून द्यायला सुरुवात केली. पुढं पुढं पन्नासभर माणसं यायला लागली. म्हाताऱ्या यायच्या, शाळेतले शिक्षक यायचे, हॉटेलातली पोरं यायची.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. कुणी म्हणालं, "बाई, टाकला कचरा, संपला विषय," की ती चिमटा जमिनीवर आपटायची. "टाकला म्हंजे गेला न्हाई. कुणाच्या तरी दारात गेला." हे वाक्य गावात इतकं रुळलं की सासवा सुनांना आणि मास्तर पोरांना ते सुनावायला लागले. मी स्वतः ते माहेरी जाऊन सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. आमच्याकडं एक बाई आहे, तिनं आम्हाला शहाणं केलं, असं.

आता पोत्यांचं सांगते. कचरा भरायला आम्ही खताची रिकामी पोती घ्यायचो. तोंड बांधायला सुतळी पुरायची नाही, म्हणून कुणीतरी प्लास्टिकची दोरी आणली. बाई म्हणाली, "प्लास्टिक गोळा करायचं आन प्लास्टिकनंच बांधायचं व्हय? मंग दोरी कोण गोळा करणार?" तेव्हा मला माझ्या गाठोड्याची आठवण झाली. वाकळ शिवताना लुगड्याचा पन्ना, म्हणजे मधलं मऊ कापड घेतात, काठ काढून टाकतात. काठ जाड असतो, सुई चालत नाही, बोटं सोलवटतात. असे गावातल्या बायकांच्या लुगड्यांचे काठ माझ्याकडं साठून होते. ते मी आणले. पोत्यांची तोंडं काठांनी बांधायची हा मग आमचा रिवाजच झाला. बायका ट्रॅक्टरवर चढवलेली पोती बघून म्हणायच्या, "ही माझ्या सासूची, ही आमच्या आक्काची." कचऱ्याच्या पोत्यांना काठ बघून आम्हाला हसू यायचं.

ट्रॅक्टर बापूंचा. बापू म्हणजे आमच्या गावचं मोठं प्रस्थ. रविवारी पोती भरून झाली की ते ट्रॉली लावायचे, हार घालून घ्यायचे, बाईच्या शेजारी उभे राहून फोटो काढायचे, आणि ट्रॅक्टर घाटानं खाली, लांबच्या कचरा डेपोकडं निघून जायचा. आम्ही हात धुऊन वडापाव खायचो आणि घरी जायचो. ट्रॅक्टर वळणाआड गेला की आपलं काम झालं, असं आम्हाला वाटायचं.

डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, खाली दरीत माझं माहेर आहे. एक लहानशी वाडी. वाडीच्या वर ओढ्यात एक झरा आहे, त्याचं पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. आता तेच पाणी पाइपानं खाली येतं, माणसंही तेच पितात आणि जनावरंही. देवीच्या यात्रेच्या सकाळी देवीच्या अंघोळीचं पाणी त्या झऱ्यावरून आणायचं ते माहेरवाशिणींनीच. सुनांनी आणायचं नाही. सुना वर्षभर पाणी भरतातच. एका यात्रेला मी चिमटाबाईला बरोबर नेलं. माझी आई तेव्हा होती. आईनं तिला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "हिचं म्हायेर कुठं?" मी सांगितलं. आई म्हणाली, "लय लांब हाय. हितलंच धरू."

आणि धरलंच. तिच्या डोक्यावर कळशी दिली आणि माहेरवाशिणींच्या रांगेत उभी केली. दोघातिघांनी कुरकुर केली तर आई म्हणाली, "देवीला चालतंय, तुमाला न्हाई चालत व्हय?" नंतर ओटी भरायची वेळ आली. बाईच्या अंगात पँट-शर्ट. ओटी घ्यायची कशात? आईनं तिच्या खांद्यावर एक धुतलेला टॉवेल टाकला आणि त्यात तांदूळ, नारळ, खण घातला. "लेक हायेस आता," म्हणाली. बाई तो टॉवेल दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. मी तिला आधी कधी रडताना बघितलं नव्हतं. परत येताना वाटेत कितीतरी वेळ ती झऱ्याच्या पाण्याबद्दलच बोलत होती, किती गार, किती गोड.

आई गेली तेव्हा तिनं जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, माझ्या लुगड्यांच्या दोन वाकळा शिव, एक तुला, एक त्या बाईला. मी शिवल्या. बाईच्या वाकळेला आईचं हिरवं लुगडं वरच्या बाजूला लावलं. त्याचा तांबडा काठ उरला. त्या काठावर एका जागी पिवळ्या दोऱ्याचा रफू होता. मी चौथीत असताना आईनं मला सुई धरायला शिकवलं ते त्या फाटलेल्या काठावर. घरात तांबडा दोरा नव्हता म्हणून पिवळा घेतला होता. तेवढा तुकडा ठेवून द्यायला हवा होता, पण त्या रविवारी काठ कमी पडले आणि मी म्हटलं, आईच्या लुगड्याचा काठ चांगल्या कामाला लागला तर आईला आवडेलच. बाईनं ते पोतं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः ट्रॉलीत नीट ठेवलं.

पुढच्या यात्रेला मी एकटीच गेले, बाईचे गुडघे दुखत होते. सकाळी कळशी घेतली तर दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. यंदा देवीला बोअरचं पाणी." मला कळेना. वहिनीनं माझा हात धरला आणि ओढ्यानं वर नेलं. झऱ्याच्या वरच्या अंगाला, खडकांच्या बेचक्यात, पावसात वाहून आलेला कचरा थरांनी बसला होता. वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, काळा मल्चिंग पेपर. पाणी त्याच्या खालून झिरपत होतं, वरती तवंग.

"दोन डाव पाइप तुंबला," वहिनी म्हणाली. "ह्यांनी हात घालून प्लास्टिक काढलं. आता गुरंबी तोंड लावत न्हाईत. वरची लोकं टाकत्यात, वन्सं."

"आमी तर गोळा करतो, वहिनी."

"व्हय. सांगत असता तुमी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच मला जास्त लागलं. मी खाली वाकले तर एक पोतं होतं, फुटलेलं, पण तोंड तसंच बांधलेलं. तांबडा काठ. चिखल बोटानं पुसला तर खाली पिवळा रफू. गाठही माझीच होती, मी उलट्या हातानं गाठ मारते. मी तिथंच खडकावर बसले. आईनं जन्मभर जिथून पाणी वाहिलं, तिथं मी आईच्याच लुगड्याच्या काठानं बांधून कचरा धाडला होता. वहिनीला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला काय ठावं." ते ऐकून मला बाईची आठवण झाली, आणि खरं सांगते, तेव्हा मला बाईचीच कीव आली. हे कळल्यावर तिचं काय होईल, असं वाटलं.

तो काठ घेऊन मी वर आले ती तडक तिच्या दारात. ती वाफ्यांना पाणी घालत होती. मी काठ पायरीवर ठेवला. तिनं तो बघितला, झारी खाली ठेवली आणि पायरीवर बसली. कुठं सापडला, असं तिनं विचारलं नाही. तेव्हाच मला कळलं.

"कवापासनं ठावं हाय?" मी विचारलं.

"मागल्या पावसाळ्याच्या आदीपासनं."

ती एकदा त्या अंगाला फिरायला गेली होती आणि बापूंचा ट्रॅक्टर दरीच्या तोंडाशी ट्रॉली उलटताना तिनं बघितला होता. बापूंना तिनं विचारलंही. बापू म्हणाले होते, डेपो लांब पडतो, दरीत कोण बघायला जातंय. पटत नसेल तर ट्रॅक्टर बंद करतो. आणि माझ्याच खोलीत राहून माझंच नाव घालवणार असाल तर दुसरी खोली बघा.

"म्हणून गप बसलासा?"

"रविवार मोडला असता, शोभा. एवढी माणसं जमल्यात. सगळी घरी गेली असती."

"आन तुझं घर?" मी तिला पहिल्यांदाच अगंतुगं केलं.

तिनं खोटं सांगितलं नाही. "व्हय. घर बी. हितनं काढलं तर मी कुठं जाऊ? ऱ्हायाच्या परवान्याला घरमालकाची सही लागती. तिकडं माझं कोन न्हाई, एक बहीण हाय फकस्त."

"तुझं घर ऱ्हावं म्हणून माझ्या म्हायेरचं पाणी घालवलंस. तिथं तुझी ओटी भरलीया. टाकला म्हंजे कुणाच्या दारात गेला, हे तूच शिकवलंस की आमाला."

तिच्या मागं, दोरीवर, आईची वाकळ उन्हात टाकलेली होती. मी एवढंच म्हणाले की झालं ते झालं, आता रविवारी सगळ्यांसमोर सांग. ती म्हणाली, "तू बोल. बापू न्हाई म्हणतील तवा मी व्हय म्हणते. शप्पथ." तिनं माझा हात धरून सांगितलं आणि माझा विश्वास बसला. इतकी वर्षं बसत होता, एका दिवसात कुठं जाणार?

रविवारी वळणावर सगळी माणसं जमली. पोती भरून झाली, बापूंचा ट्रॅक्टर लागला. मी मध्ये उभी राहिले आणि सांगितलं. काठ दाखवला. काही राखून ठेवलं नाही. बापू हसले. म्हणाले, "वाऱ्यावावधानात कुठनंबी चिंधी उडून जाती, शोभा. मला कशापायी इचारतीस? मॅडम हायेत की. मॅडम, तुमी सांगा. आपला ट्रॅक्टर दरीत जातो व्हय?"

सगळ्यांनी चिमटाबाईकडं बघितलं. तिनं चिमट्याकडं बघितलं. चिमट्याची टोकं तिनं एकदा उघडली, एकदा मिटली.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

कितीतरी वेळ मला वाटत राहिलं, ती अजून बोलेल. ती बोलली नाही. माझ्याकडं बघणाऱ्या बायकांच्या नजरा मला अजून आठवतात. रागाच्या नव्हत्या, संशयाच्या होत्या. एवढ्या चांगल्या कामात हिनं विघ्न का आणलं, अशा. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चल घरी." बापूंना जोर आला. म्हणाले, "एवढा संशय असंल तर बस की ट्रॅक्टरवर. जा, बघून ये."

लोक हसले. मी पदर कमरेला खोचला आणि ट्रॉलीवर चढले. बापूंनी ते बोलण्यापुरतं म्हटलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण पन्नास माणसांसमोर गेलेला शब्द मागं कसा घेणार? मी पोत्यांवर मांडी घालून बसले. आणि मग आणखी एक माणूस वर चढला. जपानी सर. त्यांनाही परवाना लागतोच राहायला, त्यांचीही नोकरी परक्या मुलखातली. ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला."

घाटात थोडं खाली गेल्यावर एका फाट्याशी ड्रायव्हरनं सवयीनं ट्रॅक्टर दरीकडं वळवला. मग थांबला. मान वळवून आमच्याकडं बघितलं. सर आणि मी पोत्यांवर तसेच बसून राहिलो. त्यानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि डेपोचा रस्ता धरला. पोती डेपोवर उतरली. उन्हानं माझं डोकं भणभणत होतं. परत आले तेव्हा वळणावर कुणी नव्हतं, वडापावचे कागद तेवढे उचललेले होते.

त्यानंतर दर रविवारी कुणीतरी ट्रॉलीवर बसतं. एकदा मी, एकदा सर, एकदा आमचे हे. बापू अजून हार घालून घेतात, आणि पोती डेपोवर जातात. आम्ही दरीच्या तोंडापासून झऱ्यापर्यंत उतरून जमेल तेवढं काढलंही. रविवार मोडला नाही. उलट, आधी हसलेल्या बायकाच मला म्हणाल्या, "आमी बी बसतो." बाई ज्याला एवढी भ्याली, त्यावरचा इलाज कुणीतरी पोत्यांवर चढून बसण्याएवढा होता. ते तिला जमलं नसतं असं मला वाटत नाही. ती आधी मला तरी येऊन म्हणाली असती, शोभा, आपण दोघी बसू, तर मी काय नाही म्हणाले असते? याचाच मला राग येतो.

ती नंतर रविवारी यायची, लांबच्या वळणावर एकटीच काम करायची. मी तिच्याशी बोलणं सोडलं. मग एके दिवशी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमची बाई आलीया खाली. एकटीच. ओढ्यात उतरून प्लास्टिक काढतीया." मी विचारलं, दादा काय म्हणतो. "ह्ये बोलत न्हाईत तिच्याशी. मी भाकरी दिली." मी म्हणाले, कशाला दिलीस. वहिनी म्हणाली, "आत्याबाईंनी ओटी भरल्याली हाय तिची. ती काय परत मागता येती व्हय?" बाई तशी बरेचदा गेली, दुखरे गुडघे घेऊन. पण तिथं ओढ्यात तिला बघायला कोण होतं? वर, पन्नास माणसांसमोर जे सांगायचं होतं ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आणि ज्या घरासाठी हे केलं ते घर बापूंनी काढून घेतलंच. त्यांना तिथं पाहुण्यांसाठी होमस्टे करायचा होता. अगदी गोड बोलून, हात जोडून काढलं. बाईनं महिनाभर दुसरी जागा शोधली. मग बहिणीकडं जायचं ठरवलं.

ती निघाली त्या दिवशी जीप माझ्या दुकानासमोरच थांबली. मी मशीनवर होते, मान वर केली नाही. पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. "शोभा," ती म्हणाली. "ही तुझ्याकडं असू दे. मला हक्क न्हाई." मी पाय चालवत राहिले. मग जीपचं दार वाजलं. तेव्हा मी बघितलं. पायरीवर आईची वाकळ होती, धुऊन, घडी घालून. वर तांबड्या, निळ्या, जांभळ्या काठांची एक मोळी. ओढ्यातनं वेचून, धुऊन, वाळवून आणलेले सगळे काठ.

काठ माझेच होते, ते मी आत घेतले. मग वाकळ उचलली. आईनं 'लेक' म्हणून दिलेली वस्तू ही बाई माझ्या पायरीवर ठेवून जाते, म्हणजे आता हेही मीच सांभाळायचं? तिला पांघरायचा त्रास नको, मला टाकायचा धीर नाही. पुढं वळणावर गाड्या तुंबल्या होत्या, तिची जीप त्यात अडकली होती. मी वाकळ काखोटीला मारली आणि झपाझपा चालत गेले. काचेवर टकटक केलं.

तिनं काच खाली केली. चेहरा रडून लाल झालेला. तिला वाटलं असेल, मी माफ करायला आले.

मी वाकळ आत, तिच्या मांडीवर ठेवली.

"आवं, तुमचं पडलं," म्हणाले. "ही मी दिल्याली न्हाई. आईनं दिल्याली हाय. तिनं लेक म्हटलं हुतं तुमाला, मी न्हाई म्हणत. पांघरा रोज. थंडी लय असती म्हणं तिकडं."

तिनं वाकळ दोन्ही हातांनी धरली, त्या टॉवेलात ओटी धरली होती तशीच. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पुढच्या गाड्या सुटल्या आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.